लाभार्थी किती ते कळलं, पुढं काय झालं ते कधी छापणार?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात फोटोसकट बातमी होती, एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेल्या पैशातून, शहरातल्या बायकांना शिलाई मशीन वाटली, स्टेजवर पाहुणे, मागे फ्लेक्स, आणि हेडिंगमध्येच होतं की इतक्या महिलांचं आयुष्य बदललं. वाटप झालं त्याच संध्याकाळी! अहो, मशीनचं खोकं अजून फोडलं नसेल आणि आयुष्य बदलून मोकळे. बातमीदाराला दोष देत नाही, प्रेस नोट आली तशी लागली असणार. पण माझी सगळी नोकरी आणि नंतरची वर्षं ह्याच एका प्रश्नात गेली, संस्थांच्या कामाने नक्की काय फरक पडतो आणि तो मोजायचा कसा, म्हणून राहवलं नाही. पत्र लांबलंय. कापायचं तिथे कापा, फक्त विहिरींचा भाग कापू नका.

मी मूळची सोलापूरच्या पूर्व भागातली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. अम्मा विड्या वळायची, मांडीवर सूप, ओला तेंदूपत्ता, पंचवीसचा एक कट्टा आणि चाळीस कट्टे झाले की हजार. मजुरी हजारावर. कारखान्यात विड्या द्यायला गेलं की तिथला माणूस छाट काढायचा, ही ढिली आहे, ही बारीक आहे, हिचं तोंड नीट नाही, आणि छाटात गेलेल्या विडीचे पैसे नाहीत. परत पण देत नव्हते त्या विड्या, त्याचं काय करत असतील ते तुम्हीच समजा. म्हणून अम्मा घरी दोनदा मोजायची, एकदा स्वतः आणि एकदा मला मोजायला लावून, माझं पाढ्यांचं शिक्षण त्या सुपावरच झालं. आणि ती एक म्हणायची, तेलुगूत म्हणायची पण मराठीत सांगते, की मोजणारा ज्याचा पगार खातो त्याच्या बोटाने मोजतो. तेव्हा मला वाटायचं ही छाट काढणाऱ्या माणसावर चिडून बोलते.

पुढं मी स्टॅटिस्टिक्स घेतलं, तेव्हा सोलापूरला वेगळं विद्यापीठ नव्हतं, आपण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, आपलं विद्यापीठ झालं ते २००४ ला. एका कॉलेजात शिकवायला लागले. पोरं ह्या विषयाला यायची ती दुसरीकडे ॲडमिशन मिळाली नाही म्हणून, हे पण खरं सांगते.

मग १९९३ चा भूकंप. ३० सप्टेंबरची पहाट, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. किल्लारी, सास्तूर, तिकडून जखमी सोलापूरच्या दवाखान्यांत यायला लागले आणि शहरातलं निम्मं गाव रक्त द्यायला, भाकरी द्यायला धावलं, ते माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, किती संस्था, किती देणगीदार. दोन-तीन वर्षांनी एका संस्थेने मला बोलवलं, मॅडम तुमचे विद्यार्थी घेऊन या, सर्व्हे करायचाय. फॉर्ममध्ये प्रश्न असे होते: घर मिळालं का, ताबा मिळाला का, संडास आहे का, दार-खिडकी नीट आहे का. सगळ्याला हो. आम्ही हो-हो टिक करत चाललो होतो आणि एका घरात आत बघितलं तर पक्क्या खोलीत कडबा आणि ज्वारीची पोती, आणि माणसं बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेली. भीती गेली नव्हती ना डोक्यावरच्या स्लॅबची. फॉर्ममध्ये त्याला रकानाच नव्हता. मी समासात पेनने लिहून आणलं, "घर वापरात नाही, भीती", आणि रिपोर्ट छापून आला तेव्हा समास गेलेला.

तिथून ह्या कामाला लागले ते आजतागायत. कॉलेज चालूच होतं, सुट्टीत आणि रविवारी हे, रिटायर झाल्यावर पूर्ण वेळ हेच. कार्डावर कन्सल्टंट असं छापून घ्यायला लेकीने लावलं, मला लाजच वाटायची.

आता शिलाई मशीनवर येते, कारण बातमी त्याची होती. साधारण २००६ ची गोष्ट, एका संस्थेने विडी घरकुल आणि आजूबाजूच्या वस्तीत साठ मशीन वाटली, रिपोर्ट मी केला. साठातल्या साठ जणींना मशीन मिळालं, शंभर टक्के यश, पैसे देणारा फंडर खूश, मला चेक मिळाला. दीड वर्षाने माझ्या मनाला काय वाटलं काय माहीत, कुणी न सांगता दोन विद्यार्थिनी घेऊन परत गेले. पहिल्याच घरात बाईने चहा ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही मशीन मिळालं का ते विचारलालाव, की मशीन मिळून आमचं काय झालं ते विचारलालाव?" माझ्या पीएचडीच्या व्हायवाला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

काय झालं होतं ते सांगते. काही मशीन विकली गेली होती, एकीचं नवऱ्याच्या ऑपरेशनला, एकीचं पोरीच्या लग्नाला. काहींच्या घरात मशीनवर टीव्ही ठेवलेला. चालू होती ती बहुतेक त्यांचीच ज्यांना आधीपासून शिवता येत होतं, म्हणजे संस्थेच्या शिलाई क्लासने शिकवलं असं म्हणायला जागा कमीच. पण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. एकाच गल्लीत बारा-चौदा मशीन आलेली, सगळ्याजणी ब्लाउजच शिवणार, दुसरं काय शिवणार, मग शिलाईचा भाव पडला. आणि त्या गल्लीत एक विधवा बाई होती जी वर्षानुवर्षं शिलाईवरच घर चालवायची, तिला मशीन दिलं नव्हतं कारण तिच्याकडे होतं. तिचा धंदा बसला, ती परत विड्या वळायला लागली. ती आमच्या यादीत कुठेच नाही, कारण यादी लाभार्थ्यांची होती आणि ती लाभार्थी नव्हती. नुकसान झालेल्यांची यादी कुणी करत नाही, साहेब. पुस्तकात ह्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात, एकाचं काम दुसऱ्याकडे सरकलं, नवीन काहीच तयार झालं नाही. मी तो शब्द वर्गात शिकवत होते आणि माझ्याच रिपोर्टात मला दिसला नाही.

आमच्या धंद्यात एक साधा फरक आहे जो पहिल्या दिवशी शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात. मशीन वाटली साठ, हे आउटपुट. बाई कमवायला लागली, हे आउटकम. आणि तिचं कमावणं ह्या मशीनमुळेच, नाहीतर झालं नसतं, एवढं दाखवता आलं तर तो इम्पॅक्ट. पेपरात छापून येतं ते पहिलं आणि हेडिंग असतं तिसऱ्याचं.

"नाहीतर झालं नसतं" हे सिद्ध करणं म्हणजेच सगळी मेहनत, आणि त्यासाठीच विहिरींचं सांगते. एक पाण्याचं काम होतं, आपल्याच जिल्ह्यातल्या कोरड्या पट्ट्यात, नालाखोलीकरण, बंधारे, एका कंपनीचे पैसे. बेसलाइन, म्हणजे कामाआधीची मोजणी, घेतली २०१८ च्या शेवटी. आठवा ते वर्ष, ऑक्टोबरात राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, आपल्याकडे टँकर आणि चारा छावण्या. विहिरींचे तळ दिसत होते, ते आम्ही टेप सोडून मोजले. आणि शेवटची मोजणी कधी, तर २०२० च्या दिवाळीनंतर. म्हणजे त्या ऑक्टोबरच्या अतिवृष्टीनंतर, भीमेला पूर येऊन पंढरपुरात पाणी शिरलं होतं त्याच महिन्यानंतर! विहिरी काठोकाठ. आलेख काय झकास आला, खालून थेट वर. कंपनीच्या माणसाने तर पीपीटीसाठी निळा रंग पण निवडून ठेवलेला.

माझ्या सुदैवाने म्हणा नाहीतर दुर्दैवाने, मी सुरुवातीलाच हट्ट करून शेजारच्या तीन गावांतल्या विहिरी पण मोजून ठेवल्या होत्या, जिथे काहीच काम झालं नव्हतं. तिथे पण पाणी जवळजवळ तेवढंच वर आलेलं. थोडा फरक होता, कामाच्या गावात जास्त होतं, आणि तो थोडा फरक म्हणजेच त्या कामाची खरी कमाई, तीही वाईट नव्हती, उन्हाळ्यापर्यंत थांबून परत मोजलं असतं तर कदाचित जास्त दिसली असती. हे मी मीटिंगमध्ये मांडलं. शांतता. मग एकजण म्हणाला, मॅडम, ही दुसरी गावं आपल्या स्कोपमध्ये नव्हती ना, मग ती कशाला दाखवायची? उन्हाळ्यात परत मोजणीला बजेट नाही म्हणाले. मी भांडले, खरंच भांडले, आणि शेवटी तडजोड झाली की तो तक्ता परिशिष्टात जाईल. परिशिष्ट क, पान ८७. कोण वाचतं पान ८७? पुढच्या पानभर जाहिरातीत फक्त निळा आलेख होता आणि खाली "स्वतंत्र मूल्यमापनानुसार". ते स्वतंत्र म्हणजे मी. अम्मा असती तर काही बोलली नसती, नुसतं बघितलं असतं माझ्याकडे.

आणि हे होतं कसं तर कायद्याच्या चौकटीतच. कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू झालं १ एप्रिल २०१४ ला, मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यायचे. मग २२ जानेवारी २०२१ ला नियम बदलले, ज्या कंपनीला तीन वर्षांत सरासरी दहा कोटी किंवा जास्त सीएसआरवर खर्च करायचा असतो तिने एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रोजेक्टचं, तो संपून किमान वर्ष झाल्यावर, स्वतंत्र एजन्सीकडून इम्पॅक्ट असेसमेंट करून घ्यायचं. वर्षभर थांबायचा नियम मला मनापासून आवडला, मशीनचं मला दीड वर्षाने कळलं होतं ना. पण ती स्वतंत्र एजन्सी निवडतं कोण? कंपनीच. पैसे देतं कोण? कंपनीच. पुढच्या वर्षी परत काम देतं कोण? आता तुम्हीच सांगा छाट कोणाच्या सोयीने निघणार. ह्या असेसमेंटवरच्या खर्चाची मर्यादा पण २०२२ मध्ये बदलली, सीएसआर खर्चाच्या दोन टक्के किंवा पन्नास लाख यातलं जे जास्त ते, म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्मसाठी चांगला धंदा झाला. एसी गाडीतून पोरं येतात, टॅबलेटवर चाळीस मिनिटांचा फॉर्म भरतात, दोन दिवसांत जिल्हा आटपून संध्याकाळी हुरडा खाऊन, शेंगाचटणीची पाकिटं घेऊन परत.

आणि उत्तरं देणारी बाई? ती हुशार असते. तिला पक्कं माहीत असतं की हे लोक संस्थेकडून आलेत, वाईट बोललं तर पुढचं काही मिळायचं नाही. फायदा झाला का? झाला की. किती झाला? लई झाला. एकीने तर मला प्रश्न संपायच्या आत आधारची झेरॉक्स आणून दिली, तिला वाटलं नवीन योजना आली. हा डेटा आम्ही एक्सेलमध्ये टाकतो आणि दशांश चिन्हानंतर दोन आकडे काढतो.

दशांशावरून आठवलं, हल्ली एसआरओआयचं फॅड आहे. सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट. नव्वदच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉबर्ट्स फंडाने हे पुढं आणलं, कल्पना वाईट नाही, समाजाला झालेला फायदा रुपयात मांडायचा आणि खर्चाने भागायचा. नीट करायचं तर त्यात वजाबाक्या असतात, हे काम नसतं तरी किती झालं असतं ते वजा करा, दुसऱ्या कुणामुळे किती झालं ते वजा करा, वर सांगितलेलं डिस्प्लेसमेंट वजा करा, दरवर्षी परिणाम किती ओसरतो ते वजा करा. पण क्लायंटला बेरीज आवडते. वजाबाकीचे टक्के बहुतेक वेळा अंदाजानेच धरतात, आणि अंदाज थोडा सरकवला की एका रुपयाचे तीन होतात नाहीतर सात होतात. मला एकदा सरळ विचारलं होतं, मॅडम, मागच्या वर्षी चार आलं होतं, ह्या वर्षी पाचच्या वर जाईल ना? बाजारातली वांगी वाटली का काय!

सगळंच असं चालतं असं नाही, नाहीतर मी कधीच सोडून दिलं असतं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने काय केलं ते मी दरवर्षी वर्गात सांगायचे. नवजात बाळांची घरीच काळजी घेता येते का हे बघायचं होतं, तर ३९ गावांत काम आणि ४७ गावांत ते काम नाही, पण जन्म-मृत्यूची नोंद दोन्हीकडे सारखीच काटेकोर. काम सुरू करण्याआधी १९९३ ते ९५ नुसती मोजणी. आधी हजारी ६२ च्या आसपास बाळं पहिल्या महिन्यात जायची, ती संख्या तीन वर्षांत २५ च्या आसपास आली आणि तुलनेच्या गावांत जवळजवळ तिथेच राहिली. १९९९ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे २०११ मध्ये देशभरच्या आशा ताईंच्या कामात ते आलं. त्या ४७ गावांची नोंद नसती तर "बाळंतपणं सुधारली, रस्ते झाले, म्हणून मृत्यू कमी झाले" असं कुणीही म्हणू शकलं असतं. तिथे तुलनेची गावं परिशिष्टात ढकलली नव्हती, सगळा निष्कर्षच त्यांच्यावर उभा होता.

दुसरं म्हणजे प्रथम संस्थेचं असर, पोरांना वाचता येतं का ते घरोघरी बघणारा सर्व्हे, २००५ पासून. पोराच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा द्यायचा आणि वाच म्हणायचं, बस. दारात उभी असलेली निरक्षर आई पण ऐकून सांगते येतंय का नाही. असं माप मला सगळ्यात आवडतं, ज्याचं मोजलं त्यालाच ते कळतं.

आता कुणी म्हणेल मग सगळ्या संस्थांनी असंच करावं. नाही हो. सात रस्त्याच्या मागे दोन खोल्यांत विडी कामगारांच्या मुलांचं पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेला तुलनेची ४७ गावं कुठून आणायची? तिच्याकडे तीन देणगीदार आणि तिघांचे तीन फॉरमॅट, एकाला महिन्याला रिपोर्ट, एकाला तिमाही, एकाला जिओटॅग, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो. तिथली ताई मला म्हणाली, पोरांना भरवायचं सोडून मी फोटोच काढत बसलेय. परदेशी देणगी असेल तर २०२० पासून ऑफिस खर्चावर वीस टक्क्यांची मर्यादा, आधी पन्नास होती, मग हे फॉर्म भरणारा माणूस ठेवायचा कशातून? लहान संस्थेने लहानच माप ठेवावं असं माझं मत आहे. किती पोरं पुढच्या जूनमध्ये शाळेत गेली आणि किती दिवाळीनंतर पण टिकली, वहीत दोन रकाने, संपलं. त्याला मी लागत नाही, माझ्यासारख्या कन्सल्टंटची पोटापाण्याची गोष्ट आहे म्हणून हे सहसा कुणी सांगत नाही इतकंच.

मुद्द्याचं बोलते. आपल्या पेपरकडे माझी मागणी एवढीच की वाटपाची बातमी जरूर छापा, लोकांनी पदरचे पैसे दिलेत, कौतुक व्हायला पाहिजे, पण हेडिंगमध्ये "वाटप" म्हणा, "आयुष्य बदललं" म्हणू नका. आणि ऑफिसात एक डायरी ठेवा, त्यात तारीख टाका, आणि वर्षाने तुमचा माणूस त्याच गल्लीत परत पाठवा, संस्थेला न कळवता. कंपनीचा असेसमेंट रिपोर्ट पण मागा, नियमाप्रमाणे तो बोर्डासमोर जातो आणि सीएसआरच्या वार्षिक अहवालाला जोडावा लागतो, म्हणजे काही गुप्त नसतं. तुलनेला दुसरी वस्ती घेतली होती का, मोजणी कोणत्या महिन्यात केली आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांना कुणी विचारलं का, एवढं विचारलं तरी बऱ्याच पीपीटी बंद होतील. आणि रिपोर्ट हातात आला की शेवटून वाचायला घ्या, परिशिष्टापासून.

२००६ च्या त्या साठ जणींची माझी यादी अजून वहीत आहे, काहीजणी त्याच घरात राहतात, आणि यादीत नसलेल्या त्या शिलाईवाल्या विधवा बाई पण. तुमच्या वार्ताहराला यायचं असेल तर मी सोबत येते. फक्त सकाळी नको, सकाळी बायका कारखान्यात विड्या द्यायला जातात, छाट निघून घरी यायला दुपार होते. दोननंतर या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
पूर्व भाग, सोलापूर

(नाव छापू नये ही विनंती. पान ८७ वाले ओळखतील, त्याला इलाज नाही.)